कोनाड्याची कुळकथा

परिस्थितिविज्ञानात ‘निश’ ही संज्ञा एखाद्या जातीचे जीवसमूहातील स्थान, तिचे अन्न, तिचे शत्रू आणि तिला मानवणारे हवापाणी या सर्वांसाठी मिळून वापरली जात असली, तरी मुळात हा शब्द गवंड्याच्या कामातला आहे. फ्रेंच भाषेत मूर्ती किंवा शोभेची वस्तू ठेवण्यासाठी भिंतीत सोडलेल्या पोकळीला निश म्हणतात. जुन्या वाड्याच्या जाड भिंतीतला, दिव्याच्या काजळीने वरची कड काळवंडलेला कोनाडा ज्याने पाहिला आहे, त्याला ही वस्तू वेगळी समजावून सांगावी लागत नाही. या शब्दाची एक व्युत्पत्ती ‘घरटे करणे’ या अर्थाच्या जुन्या फ्रेंच क्रियापदापर्यंत आणि त्यामागे लॅटिनमधल्या ‘निडुस’, म्हणजे घरटे, या शब्दापर्यंत जाते, आणि संस्कृतातील ‘नीड’ हा या निडुसचाच भाऊबंद आहे.

अमेरिकन जीवशास्त्रज्ञ रॉसवेल जॉन्सन यांनी 1910मध्येच हा शब्द जातींच्या स्थानासाठी वापरला होता, परंतु त्याला शास्त्रीय वजन आले ते 1917मध्ये, बर्कलीच्या पृष्ठवंशीय प्राण्यांच्या वस्तुसंग्रहालयाचे पहिले संचालक जोसेफ ग्रिनेल यांच्या कॅलिफोर्निया थ्रॅशर या पक्ष्यावरील निबंधामुळे. हा तपकिरी पक्षी चॅपॅरल नावाच्या दाट, सदाहरित झुडपांच्या रानात राहतो. त्याचे पंख आखूड, पाय दणकट आणि चोच लांब व कोयत्यासारखी वाकलेली असून, झुडपांच्या आडोशाने धावत जाऊन आपल्याकडील सातभाईंप्रमाणे पालापाचोळा उपसायचा आणि खालचे किडे टिपायचे, हा त्याचा दिनक्रम असतो. जाळीत वावरणाऱ्याला लांब पंखांचा उपयोग नाही आणि पाचोळा उपसणाऱ्याचे वाकड्या चोचीवाचून चालत नाही, अशा रीतीने पक्ष्याचे एकेक अंग त्या रानाच्या एकेका गुणाशी जुळलेले ग्रिनेल यांनी दाखवले, आणि एकाच प्रदेशातील दोन जातींचे स्थान तंतोतंत एक असू शकत नाही हेही नोंदवले. मात्र त्यांच्या मांडणीत कोनाडा परिसराचा होता: तो आधीपासून भिंतीत असतो, कधी रिकामाही राहतो आणि योग्य जात आली की भरतो.

ऑक्सफर्डच्या चार्ल्स एल्टन यांनी 1927मधील ‘अ‍ॅनिमल इकॉलॉजी’ या ग्रंथात हा भर जागेवरून कामावर नेला. उत्तर ध्रुवाकडचा कोल्हा पाखरांची अंडी खातो आणि पांढऱ्या अस्वलाने मारलेल्या सीलच्या उष्ट्यावर जगतो. आफ्रिकेतला तरस शहामृगाची अंडी खातो आणि सिंहाने मारलेल्या झेब्र्याच्या उष्ट्यावर जगतो. म्हणून हजारो मैलांचे अंतर असूनही एल्टन यांच्या लेखी दोघांचा कोनाडा एकच. बारा बलुतेदारांच्या गावगाड्यात माणसाची ओळख त्याच्या कामावरून होत असे, तसाच हा विचार आहे. पुढे 1934मध्ये मॉस्कोच्या गेओर्गी गाउझे यांनी पॅरामीशियम या एकपेशीय जीवाच्या दोन जाती एकाच अन्नावर एकत्र वाढवल्या, तेव्हा त्यांतली एक नाहीशी झाली. पण तिच्याबरोबर तळाशी बसलेले यीस्ट खाणारी तिसरी जात ठेवली, तेव्हा दोघी टिकल्या, कारण त्यांचे कोनाडे वेगळे होते.

या कुळकथेतले सर्वांत मोठे वळण 1957चे आहे. जी. इव्हलिन हचिन्सन यांनी तापमान, क्षारता, भक्ष्याचा आकार अशा प्रत्येक घटकाचा एकेक अक्ष मानला आणि ज्या मर्यादांत जात टिकू शकते तेवढा अनेक मितींचा अवकाश म्हणजे तिचा कोनाडा, असे म्हटले; त्यामुळे भिंतीच्या मालकीचा कोनाडा रहिवाशाच्या मालकीचा झाला. प्रतिस्पर्धी नसताना जो लाभू शकतो तो मूलभूत आणि त्यांच्या गर्दीत प्रत्यक्ष वाट्याला येतो तो वास्तव, हा भेदही त्यांचाच. जोसेफ कॉनेल यांनी स्कॉटलंडच्या मिलपोर्ट येथील किनाऱ्यावर तो डोळ्यांनी पाहता येईल असा केला. तेथील खडकांवर बार्नॅकल, म्हणजे खेकड्यांच्या गोत्रातले पण खडकाला कायमचे चिकटून राहणारे कवचधारी जीव, दोन पट्ट्यांत राहतात: कॅथॅमॅलस वर आणि बॅलॅनस खाली. कॅथॅमॅलसची पिल्ले खालच्या पट्ट्यातही बसतात, परंतु झपाट्याने वाढणारे बॅलॅनस त्यांना दाबतात, उचकटतात, चिरडतात. कॉनेल यांनी काही दगडांवरचे बॅलॅनस काढून टाकताच कॅथॅमॅलस खालीही सुखाने जगले. वरची उन्हात सुकणारी जागा ही त्यांची निवड नव्हती, उरलेला वाटा होता, आणि 1961मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाइतका साधा व निर्णायक पुरावा या शास्त्रात क्वचितच सापडतो.

अशा रेटारेटीचा परिणाम पिढ्यान्‌पिढ्या शरीरावर कसा उमटतो, हे गालापागोसमधील डॅफ्नी मेजर या बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट यांनी पाहिले. तेथील मध्यम चोचीच्या फिंच पक्ष्यांतले मोठ्या चोचीचे पक्षी सराट्याच्या कुळातल्या एका वनस्पतीची काटेरी, टणक फळे फोडत असत. 1982मध्ये त्याहून थोराड चोचीची दुसरी जात बेटावर स्थायिक झाली, आणि 2003-04च्या अवर्षणात तिने ती फळे जवळजवळ संपवली. तेव्हा मध्यम जातीतले मोठ्या चोचीचे पक्षी अधिक संख्येने उपाशी मेले, बारीक बिया टिपणारे लहान चोचीचे मागे राहिले आणि पुढच्या पिढीची सरासरी चोच लहान झाली.

तरीही या सर्व मांडणीत रहिवासी भिंतीला फारसा हात लावत नाही. ही उणीव जॉन ऑडलिंग-स्मी, केविन लॅलंड आणि मार्कस फेल्डमन यांनी 2003च्या ग्रंथात दाखवून दिली, आणि त्यांच्या विवेचनातले गांडूळ विशेष लक्षात राहते. गांडुळाची उत्सर्जक इंद्रिये अजूनही गोड्या पाण्यातल्या जीवाला शोभतील अशीच आहेत, कोरड्या जमिनीवरच्या जीवाला ती पुरी पडू नयेत. पण ते बिळे खणते, पाने ओढून आत नेते, माती गिळून पुन्हा बाहेर टाकते, आणि त्याच्या भोवतीची माती त्याला पाणी शोषून घेता येईल इतकी भुसभुशीत व ओलसर होत जाते.