सागरी मत्स्यालयात पाण्याची आपोआप भर

घरातील सागरी मत्स्यालयातून वाफ होते ती केवळ पाण्याची. मीठ मागेच राहते. १०० लिटरपैकी ५ लिटर पाणी उडाले, की लिटरमागे ३५ ग्रॅमच्या आसपास असलेली क्षारता ३७ च्या घरात जाते. प्रवाळांना असे चढउतार मानवत नाहीत. म्हणून भर घालावी ती आरओच्या गोड्या पाण्याची, तीही थोडीथोडी. पातळी घटताच तरंगता स्विच साठवण टाकीतील लहान पंप सुरू करतो. मात्र हा स्विच अडकू शकतो; त्यास एखादी गोगलगायही पुरेशी होते! यासाठी थोडा वर, पंप तोडणारा दुसरा स्विच बसवावा आणि साठवण टाकी बेताचीच ठेवावी. नळीचे तोंड दोन्ही टाक्यांतील पाण्याच्या वर असावे. अन्यथा पंप थांबल्यावरही सायफनने पाणी वाहतच राहते.