शिळ्या पावाचा चुरा

मंडळाच्या अल्पोपाहारात कटलेट असले की आम्हा जुन्या सभासदांपैकी कोणीतरी हमखास विचारते, "चुरा घरचा की विकतचा?" प्रश्न साधा, परंतु हा चुरा आपल्या स्वयंपाकघरात कसा आला, हे पाहू गेल्यास सुमारे पाचशे वर्षे मागे जावे लागते.

माझ्या आजीचे दोन नियम होते. पाव घरात येता कामा नये, हा एक. आणि खाण्याजोगे अन्न टाकता कामा नये, हा दुसरा. दोन्ही तिला सारखेच प्रिय. एकदा या दोन नियमांचीच आपसांत गाठ पडली. ती हकिकत पुढे सांगणार आहे. त्याआधी पावाविषयी एवढा विटाळ का होता, हे समजून घेतले पाहिजे.

पाव हा शब्द पोर्तुगीज आहे. पायांनी पीठ तुडवितात म्हणून पाव, असे लहानपणी आम्हांला सांगत, त्यात तथ्य नाही. पोर्तुगीजांनी इ. स. १५१० मध्ये गोवा घेतले आणि त्यांच्याबरोबर त्यांची रोटी आली. पीठ फुगविण्यासाठी लागणारे त्यांच्या देशातील किण्व येथे मिळेना, तेव्हा माडाच्या ताडीने पीठ आंबविण्याची युक्ती निघाली. पाव भाजणारा तो 'पोदेर'. हा शब्दही त्याच भाषेतून कोकणीत आला. पुढे अनेक गोवेकर पाववाल्यांनी मुंबईत भट्ट्या घातल्या, आणि त्यांच्यामागून इराणी बेकरीवाले आले.

ताडीने आंबविलेले पीठ, परधर्मीयाच्या हातचे अन्न आणि राज्यकर्त्यांचा धर्म, या तिन्हींचे ओझे बिचाऱ्या पावावर पडले. वसई इ. स. १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती. त्या मुलखात, विहिरीत पाव टाकून पाणी बाटविल्याच्या आणि ते पाणी प्यायलेले गावच्या गाव बाटल्याच्या कथा पिढ्यान् पिढ्या सांगितल्या गेल्या. त्यांतील खरे किती, हा प्रश्न बाजूला ठेवू. पण ज्या घरांत या कथा रात्री मुलांना सांगितल्या जात, तेथे पावाची भीती किती खोल गेली असेल, याची कल्पना करता येते.

ही भीती केवळ खेड्यापाड्यांतली नव्हती. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्यात पंचहौद मिशनमध्ये झालेले चहापान प्रसिद्धच आहे. लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे, गोपाळ कृष्ण गोखले यांच्यासारखी मंडळी तेथे गेली, पुढे चहा-बिस्किटे आली, आणि त्यावरून केवढे ग्रामण्य उभे राहिले! न्यायमूर्तींनी मागाहून प्रायश्चित्त घेतले. त्या प्रसंगाने घरात झालेला मनस्ताप रमाबाई रानड्यांनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत नमूद केला आहे. चहाच्या पेल्याने जेथे एवढे घडले, तेथे सामान्य गृहिणीने पावाची लादी उंबऱ्याच्या आत कशी आणावी?

आता दुसरी बाजू पाहू. शिळे अन्न सत्कारणी लावण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. फोडणीची पोळी, फोडणीचा भात, शिळी भाकरी कुस्करून केलेला ताकातला काला, पोळीच्या चुऱ्याचा गुळातला लाडू, हे आपल्या आज्या-पणज्यांनी कोणत्याही पुस्तकावाचून केले. गंमत अशी की, ज्यांनी पाव आणला त्या पोर्तुगीजांच्या घरीही नेमके हेच चाललेले होते. त्यांच्या आलेंतेझू प्रांतात शिळा पाव लसूण आणि तेलावर परतून जो पदार्थ करतात त्याला 'मिगाश' म्हणतात, आणि त्याचा अर्थच मुळी चुरा. दक्षिण इटलीतील गरीब घरांत चीज परवडत नसे, तेव्हा पावाचा चुरा तेलात खमंग परतून शेवयांवर भुरभुरवीत. पोर्तुगीज व्यापारी १५४३ साली जपानात पोहोचले आणि तेथेही हाच शब्द 'पान' होऊन राहिला. जपानी लोक तळणीसाठी जो चुरा वापरतात त्याचे नाव 'पानको'. म्हणजे आपला पाव आणि त्यांचा पानको हे एकाच घरचे. देश निराळे, धर्म निराळे, पण उरलेला तुकडा हातात धरून "हे टाकायचे कसे?" म्हणणारी बाई सगळीकडे एकच!

आमच्या घरी पाव आला तो आजारपणाच्या वाटेने. अनेक घरांत तो असाच आला. १९५२ साली वडिलांना विषमज्वर झाला. ताप उतरल्यावर डॉक्टरांनी दूध-पाव देण्यास सांगितले. औषधापुढे धर्म आड येत नाही, असे म्हणून आजीने परवानगी दिली. मात्र पाव गॅलरीतल्या फडताळात राहील आणि त्याची बशी निराळी असेल, या अटीवर. वडील एखादा तुकडा खात, बाकीचा दुसऱ्या दिवशी कडक होई. १९४३ च्या मे महिन्यात मुंबईत सुरू झालेल्या रेशनच्या रांगांत आईचे हात पोळले होते. मूठभर धान्यही तिच्या लेखी मोलाचे होते. ते तुकडे टाकणे तिच्या जिवावर येई. आणि नवल म्हणजे, आजीच्याही जिवावर येई! पावाला शिवायचे नाही आणि अन्न टाकायचे नाही, या पेचात ती दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "सूनबाई, वाळव ते. पण माझा खलबत्ता घेऊ नकोस."

आईने शेजारणीकडून खलबत्ता मागून आणला. तिची रीत मी आजही पाळते. पावाचे पातळ काप सुपात पसरून वर विरळ पंचा घालावा आणि दोन दिवस कडक ऊन द्यावे. पावसाळ्यात मंद विस्तवावर तव्यावर परतावे, रंग बदलू देऊ नये. तुकडा वाकता कामा नये, कट्‌कन मोडला पाहिजे. गार झाल्यावरच कुटावा आणि चाळावा. बारीक चुरा बटाट्याच्या सारणात मिसळावा, जाडसर वरून लावण्यास ठेवावा. पावात साधारण तिसरा हिस्सा पाणी असते, ते गेल्यामुळे चुरा घट्ट झाकणाच्या बरणीत महिनाभर सहज राहतो. मात्र हिरवा-काळा ठिपका दिसला तर तो पाव सगळाच टाकावा. ठिपका कापून भागत नाही. बुरशीचे तंतू आत गेलेले असतात.

शिळे होणे आणि नासणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शास्त्रानेही सिद्ध केले आहे. बुसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८५२ साली दाखविले की, पाव हवाबंद ठेवून त्यातील ओलावा जाऊ दिला नाही तरीही तो शिळा होतो, आणि पुन्हा गरम केला की मऊ होतो. भट्टीत पाण्याने फुगलेले पिठूळ सत्त्व निवताना पुन्हा घट्ट बसते, हे त्याचे कारण. थंडीत ही क्रिया लवकर होते. म्हणून फ्रिजमध्ये ठेवलेला पाव बाहेरच्यापेक्षा लवकर कडक होतो. फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात मात्र ती जवळजवळ थांबते.

पुढे १९६५ साली सरकारने मॉडर्न बेकरीज ही कंपनी काढली आणि कागदात गुंडाळलेला, यंत्राने कापलेला ब्रेड मध्यमवर्गाच्या घरोघरी पोहोचला. विटाळाची भाषा हळूहळू विसरली गेली. दोन्ही टोकांच्या जाड कडा मुले खात नाहीत, त्या चुऱ्यासाठी डब्यात पडू लागल्या. ती कंपनीही २००० साली खाजगी मालकीत गेली. आता चुरा पिशवीत विकत मिळतो, आणि घरच्या कडा कचऱ्यात जातात, याचे मात्र वाईट वाटते.

आजीने आईच्या हातचे कटलेट शेवटपर्यंत खाल्ले नाही, आणि आईनेही कधी आग्रह केला नाही. परंतु त्या पहिल्या दिवशी आई खलबत्ता आणण्यास शेजारी गेली असता, आजी काय करते म्हणून मी गॅलरीत डोकावले. सुपापासून दोन हात दूर पाट टाकून ती बसली होती, आणि हातातल्या काठीने पावावरचे कावळे हाकलीत होती.