ध्यानचंद ते धनराज : श्रेष्ठत्वाच्या वादाचा इतिहास

भारतीय हॉकीतील सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक ठिकाणी ध्यानचंद असेच दिले जाते आणि ते देताना पुराव्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. बलबीर सिंग सीनियर यांचे नाव पुढे करणारा पक्ष मात्र ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यांतील गोलांच्या आधाराने बोलतो. आणि 1976 नंतर, म्हणजे हा खेळ गवतावरून कृत्रिम मैदानावर गेल्यावर, मोहम्मद शाहिद आणि धनराज पिल्ले यांच्या चाहत्यांनी पदकांऐवजी प्रतिस्पर्ध्यांच्या ताकदीचा मुद्दा लावून धरला. तीन पिढ्यांचे हे तीन पक्ष एकाच गोष्टीवरून भांडत आहेत असे वरवर दिसते. वस्तुतः प्रत्येकाच्या हातात वेगळे माप आहे, आणि ही मापे कोणत्या नियमांखाली, कोणत्या मैदानांवर आणि कोणाच्या नोंदींतून तयार झाली हे तपासल्याशिवाय वादाला अर्थ येत नाही.

हॉकी भारतात आली ती इंग्रजी लष्कराच्या छावण्यांतून. कलकत्त्यात 1895 मध्ये बेटन कप आणि मुंबईत 1896 मध्ये आगाखान चषक या स्पर्धा सुरू झाल्या, तेव्हा युरोपातील अनेक देशांत या खेळाची पाळेमुळेही नीट रुजलेली नव्हती. 1905 मध्ये अलाहाबादेत जन्मलेले ध्यानचंद 1922 साली शिपाई म्हणून लष्करात दाखल झाले आणि 1926 मध्ये भारतीय लष्कराच्या संघाबरोबर न्यूझीलंडला गेले. 21 सामन्यांपैकी 18 जिंकून आणि केवळ एक हरून तो संघ परतला. दोन वर्षांनी अॅमस्टरडॅम येथील ऑलिम्पिकमध्ये भारताने पाच सामन्यांत 29 गोल केले, त्यांपैकी 14 एकट्या ध्यानचंद यांचे होते, आणि गोलरक्षक रिचर्ड ॲलन यांनी संपूर्ण स्पर्धेत एकही गोल होऊ दिला नाही. या आकड्यांच्या तेजात एक गोष्ट सहज नजरेआड होते, ती अशी की या खेळाचे जन्मस्थान असलेल्या ब्रिटनने त्या स्पर्धेत संघ उतरवलाच नव्हता, आणि पुढे 1932 व 1936 मध्येही तो उतरवला नाही.

लॉस एंजेलिसची कहाणी तर याहून विचित्र आहे. जागतिक मंदीमुळे 1932 च्या ऑलिम्पिकमध्ये हॉकीसाठी भारत, जपान आणि अमेरिका असे तीनच संघ आले. भारताने जपानला 11–1 आणि अमेरिकेला 24–1 असे हरवले. अमेरिकेने केलेला तो एकमेव गोल ॲलन प्रेक्षकांना सह्या देण्यात गुंतले असताना झाला अशी आख्यायिका आहे, आणि सामन्याचा निकाल पाहता ती अगदीच अविश्वसनीय वाटत नाही. त्या सामन्यात ध्यानचंद यांनी आठ गोल केले, पण त्यांचे धाकटे बंधू रूप सिंग यांनी दहा केले, आणि स्पर्धेतील एकूण गोलांतही रूप सिंग 13 विरुद्ध 12 असे एकाने पुढे राहिले. म्हणजे गोलांची संख्या हेच श्रेष्ठत्वाचे माप मानले, तर ध्यानचंद आपल्या घरातही निर्विवाद पहिले ठरत नाहीत. या मापाच्या मर्यादा त्या काळीच स्पष्ट झालेल्या होत्या. पुढच्या पिढ्यांनी या मर्यादांकडे पाहिले नाही एवढेच.

खरा पेच आहे तो बर्लिन ऑलिम्पिकचा. स्पर्धेपूर्वी 17 जुलै 1936 रोजी झालेल्या सराव सामन्यात जर्मनीने भारताला 4–1 असे हरवले होते, त्यामुळे आघाडीची फळी बळकट करण्यासाठी अली दारा यांना घाईने भारतातून बोलावून घेण्यात आले. पावसामुळे एक दिवस पुढे ढकललेला जर्मनीविरुद्धचा अंतिम सामना 15 ऑगस्टला झाला. मध्यंतराला भारत फक्त एका गोलाने आघाडीवर होता. ओलसर मैदानावर पाय घसरत असल्याने ध्यानचंद यांनी उत्तरार्धात बूट काढून ठेवले असे सांगतात, आणि सामना 8–1 असा संपला. इथपर्यंत सगळ्यांचे एकमत आहे, पण त्या आठ गोलांपैकी ध्यानचंद यांचे किती, या साध्या प्रश्नावर नोंदींना फाटे फुटतात. काही वृत्तांतांत त्यांच्या नावावर सहा गोल आहेत, तर काहींत तीन. दुसऱ्या हिशेबात उरलेले गोल दारा, रूप सिंग, टॅपसेल आणि जाफर यांच्यात वाटले जातात. ऑलिम्पिकमधील त्यांच्या एकूण गोलांचा आकडा निरनिराळ्या पुस्तकांत 33 पासून 39 पर्यंत आढळतो तो अशाच गोंधळामुळे, आणि संपूर्ण आंतरराष्ट्रीय कारकिर्दीची बेरीज तर कुठे 400 च्या वर, कुठे 570 अशी दिली जाते. एकच गोल दोघांच्या खात्यावर जाण्याचे कारणही समजण्यासारखे आहे. गोलासमोरच्या झटापटीत शेवटचा स्पर्श कोणाचा, हे लांब बसलेल्या वार्ताहराला नेमके दिसत नसे. शिवाय पाठीवर क्रमांक नसलेल्या, एकसारख्या पोशाखातील परदेशी खेळाडूंची नावे त्याला ओळखीची नसत आणि सर्वांत प्रसिद्ध नावाकडे शंकेचा फायदा आपसूक वळत असे.

हा तपशील केवळ अभ्यासकांच्या कुतूहलाचा नाही, कारण बलबीर सिंग यांची सर्वांत मोठी मिरासदारी नेमकी त्यावरच टिकून आहे. हेलसिंकी येथे 24 जुलै 1952 रोजी झालेल्या अंतिम सामन्यात भारताने नेदरलँड्सला 6–1 असे हरवले आणि सहापैकी पाच गोल बलबीर यांचे होते. ऑलिम्पिकच्या पुरुष हॉकीतील अंतिम सामन्यात एका खेळाडूने केलेले सर्वाधिक गोल म्हणून हा विक्रम नोंदला गेला आहे. बर्लिनमधील सहा गोलांचा वृत्तांत खरा मानला तर हा विक्रम बलबीर यांचा राहत नाही, आणि तीन गोलांचा मानला तर ध्यानचंद यांच्या कीर्तीचा एक मोठा आधार सैल होतो. दोन्ही गोष्टी एकदम मानता येत नाहीत. तरीही अनेक लोकप्रिय लेखांत त्या एकाच पानावर सुखाने नांदतात, हे या वादाच्या शिस्तीबद्दल पुरेसे बोलके आहे.

बलबीर यांच्या बाजूने मांडला जाणारा दुसरा मुद्दा प्रतिस्पर्ध्यांचा आहे. ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनशी भारताची पहिली गाठ पडली ती 12 ऑगस्ट 1948 रोजी लंडनच्या वेम्बली येथे, स्वातंत्र्यानंतर वर्ष पुरे होण्याच्या तीन दिवस आधी, आणि त्या 4–0 विजयात बलबीर यांचे दोन गोल होते. हेलसिंकीच्या उपांत्य सामन्यात ब्रिटनला 3–1 असे हरवताना तिन्ही गोल त्यांनीच केले. शिवाय 1948 चा संघ फाळणीने दुभंगलेल्या देशाचा होता: बर्लिनला भारताकडून खेळलेले दारा 1948 मध्ये पाकिस्तानचे कर्णधार होते. लंडनच्या त्या भारतीय संघात मुंबईच्या हॉकीचा वाटा मोठा होता, आणि लिओ पिंटो, वॉल्टर डिसोझा, लॉरी फर्नांडिस यांच्यासारखी नावे पाहिली की गोव्याहून मुंबईत स्थायिक झालेल्या समाजाने या खेळाला काय दिले ते कळते. मात्र बलबीर यांच्या बाजूचा हा मुद्दाही ताणू नये. हेलसिंकीत सुवर्णपदकासाठी भारताला अवघे तीन सामने खेळावे लागले, आणि 1956 मध्ये मेलबर्नला पाकिस्तानविरुद्धच्या अंतिम सामन्यात, जिथे खरोखर तुल्यबळ संघ समोर होता, तिथे बोटाला फ्रॅक्चर झालेल्या अवस्थेत खेळणाऱ्या कर्णधार बलबीर यांना गोल करता आला नाही. भारताचा एकमेव गोल रणधीर सिंग जेंटल यांचा होता.

या दोघांची तुलना तरीही न्याय्य म्हणता येते, कारण दोघेही साधारण एकाच नियमावलीखाली, एकाच प्रकारच्या मैदानावर खेळले. ऑफसाइडचा जुना नियम असा होता की साथीदार चेंडू पुढे देत असताना आघाडीचा खेळाडू आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्धी संघाचे किमान तीन खेळाडू असलेच पाहिजेत. गोलरक्षक धरून मागे तीनच जण उभे असत, त्यामुळे एक बचावपटू धूर्तपणे पुढे सरकला की आघाडीची अख्खी फळी नियमात अडकत असे. गोलजवळ आयत्या चेंडूची वाट पाहत थांबणे शक्य नव्हते आणि चेंडू स्टिकलगत ठेवत, प्रतिस्पर्ध्यांना चुकवत पुढे नेणे, म्हणजे ड्रिब्लिंग, हे शोभेचे नव्हे तर गरजेचे कौशल्य होते. 1972 मध्ये तीनाचे दोन झाले, 1987 मध्ये हा नियम गोलरेषेपासून 25 यार्डांच्या पट्ट्यापुरता उरला, 1996 मध्ये तो प्रयोग म्हणून उठवण्यात आला आणि 1998 मध्ये कायमचा गेला. स्टिकचीही यात भूमिका आहे. हॉकीत चेंडू फक्त स्टिकच्या सपाट डाव्या बाजूने खेळता येतो, म्हणून डावीकडे आलेल्या चेंडूसाठी मनगट फिरवून स्टिक उलटी करावी लागते. इंग्रजी स्टिकचे लांब टोक या हालचालीला अडचणीचे होते, तर तुतीच्या लाकडाची, आखूड टोकाची भारतीय स्टिक त्यासाठीच जणू घडवलेली होती. सियालकोट हे त्या कारागिरीचे केंद्र होते आणि फाळणीनंतर त्यातील बरेच कारागीर जालंधरला आले.

माँट्रियलला 1976 मध्ये ऑलिम्पिकची हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर खेळली गेली. भारत सातवा आला आणि सुवर्ण मिळाले ते न्यूझीलंडला. कृत्रिम मैदानावर चेंडू उसळत नाही, वेगाने सरळ जातो, त्यामुळे लांब पल्ल्याचा पास अचूक आणि सोपा झाला, धावण्याच्या क्षमतेला महत्त्व आले आणि एकट्याने चार जणांना चुकवणाऱ्या खेळाडूपेक्षा चेंडू पटकन पुढे देणारा संघ वरचढ ठरू लागला. 1980 च्या मॉस्को ऑलिम्पिकमधील भारताचे सुवर्णही बहिष्कारामुळे सहाच संघ उरलेल्या स्पर्धेतले आहे. तीन संघांचे लॉस एंजेलिस मोजायचे आणि मॉस्को वगळायचे, हा पक्षपात मात्र नेहमी होतो.

धनराज पिल्ले यांचे मोजमाप या पार्श्वभूमीवर करावे लागते. पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत, तुटलेल्या स्टिका दोरीने बांधून खेळ शिकलेला हा तमिळ कुटुंबातील मुलगा मुंबईच्या क्लब हॉकीतून वर आला आणि चार ऑलिम्पिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स ट्रॉफी आणि चार आशियाई स्पर्धा खेळला. ऑलिम्पिकचे पदक त्यांच्याकडे नाही. 1998 मध्ये बँकॉकला त्यांच्या नेतृत्वाखाली 32 वर्षांनी मिळालेले आशियाई सुवर्ण हे त्यांचे सर्वांत मोठे यश. सुमारे 170 गोल त्यांच्या नावावर सांगितले जातात, पण त्याचा अधिकृत हिशेब राष्ट्रीय संघटनेने ठेवलेला नाही. 1936 च्या वार्ताहराला माफी देता येईल, दूरचित्रवाणीच्या काळातल्या संघटनेला ती कशी द्यावी? याच काळात पाकिस्तानच्या सोहेल अब्बास यांनी 348 आंतरराष्ट्रीय गोल केले, पण त्यांतील बहुसंख्य पेनल्टी कॉर्नरवर (बचाव पक्षाच्या नियमभंगाबद्दल मिळणाऱ्या फटक्यावर), ड्रॅग फ्लिकने आलेले आहेत. म्हणजे थांबवलेला चेंडू स्टिकने जमिनीवरून ओढत गोलाकडे भिरकावण्याच्या अशा तंत्राने, जे ध्यानचंद यांच्या काळात अस्तित्वातच नव्हते. धनराज यांची खरी तुलना 1990 व 1994 च्या विश्वचषकांत सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या शाहबाज अहमद यांच्याशी व्हायला हवी, आणि तिथे पारडे शाहबाज यांच्याकडे झुकते, कारण 1994 चा विश्वचषक पाकिस्तानने जिंकला.

गोलांभोवती फिरणाऱ्या या वादात सर्वांत मोठा अन्याय झाला आहे तो मधल्या आणि मागच्या फळीवर. लेस्ली क्लॉडियस यांनी राइट हाफ, म्हणजे मधल्या फळीतील उजव्या बाजूचे खेळाडू म्हणून 1948 ते 1960 या काळात तीन सुवर्ण आणि एक रौप्य मिळवले. उधम सिंग यांच्याखेरीज चार ऑलिम्पिक पदके कोणा भारतीय हॉकीपटूकडे नाहीत. मेलबर्नला पाच सामन्यांत भारताने 38 गोल केले हे सर्वांच्या लक्षात राहते, पण एकही गोल झाला नाही याचे श्रेय शंकर लक्ष्मण यांच्यासारख्या गोलरक्षकाला देताना लेखण्या आखडतात. महिलांची हॉकी ऑलिम्पिकमध्ये 1980 पर्यंत नव्हती, त्यामुळे पदकांच्या मापाने त्यांच्या पहिल्या पिढ्या यादीतून आपोआप बाद होतात.

सरकारी सन्मानांनी वाद सोडवला नाही, उलट तापवला. ध्यानचंद यांना 1956 मध्ये पद्मभूषण आणि बलबीर यांना 1957 मध्ये पद्मश्री मिळाली. पुढे दोघांच्याही चाहत्यांनी भारतरत्नची मागणी केली.

नियम आणि मैदान यांच्या आधाराने काळाच्या सीमा आखल्या, तर 1976 च्या आधीच्या आणि नंतरच्या खेळाडूंना एका रांगेत उभे करणे निरर्थक ठरते. पहिल्या कालखंडात ध्यानचंद यांचे पहिले स्थान गोलसंख्येमुळे नव्हे, तर तीन वेगवेगळ्या संघांत, आठ वर्षांच्या अवधीत, आघाडीच्या फळीचे सूत्र त्यांच्या हाती राहिले म्हणून मान्य करावे लागते. क्लॉडियस यांना दुसऱ्या स्थानासाठी बलबीर यांच्या बरोबरीने मोजायला हवे. अंतिम सामन्यातील सर्वाधिक गोलांचा मान मात्र बलबीर यांच्याकडेच राहतो, कारण बर्लिनच्या आठ गोलांची वाटणी आजही दोन प्रकारे छापली जाते आणि हेलसिंकीच्या पाच गोलांबद्दल कोणताही वाद नाही.