रणांगणासाठी घडलेलं यंत्र प्रोस्टेटपाशी कसं पोचलं

प्रोस्टेटच्या कॅन्सरचं निदान झालं, की मुंबई-पुण्याच्या घरांत आता एक प्रश्न हमखास निघतो: रोबोटिक करायचं का? ज्या यंत्राविषयी हा प्रश्न आहे, ते या ग्रंथीसाठी जन्मलंच नव्हतं. 1980 च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात एसआरआय या संशोधन संस्थेत फिलिप ग्रीन यांच्या गटाने दुरून शस्त्रक्रिया करण्याची यंत्रणा बांधायला घेतली. जखमी सैनिक आघाडीवर आणि सर्जन सुरक्षित अंतरावर, या कल्पनेपायी अमेरिकेच्या संरक्षण खात्याने तिला पैसा पुरवला. 1995 मध्ये स्थापन झालेल्या इंट्यूइटिव्ह सर्जिकल या कंपनीने ते तंत्र घेऊन ‘दा विंची’ हा रोबोट घडवला, तेव्हाही नजर होती हृदयाच्या शस्त्रक्रियेवर.

प्रोस्टेटशी सोयरीक जुळली ती त्या ग्रंथीच्या जागेमुळे. मूत्राशयाखाली, कंबरेच्या हाडांच्या खोबणीत ती खोल दडलेली असते. बाल्टिमोरला ह्यू यंग यांनी 1904 मध्ये कॅन्सरग्रस्त प्रोस्टेट समूळ काढून दाखवली. पण पुढची कित्येक दशकं रक्तस्राव, लघवीवरचा ताबा जाणं आणि लैंगिक शक्ती गमावणं ही या ऑपरेशनची किंमत राहिली. 1981 मध्ये पॅट्रिक वॉल्श यांनी नेदरलँड्समधल्या लायडनला पीटर डॉन्कर यांच्यासोबत विच्छेदन करून पाहिलं, तेव्हा लैंगिक ताठरतेच्या बारीक नसा ग्रंथीच्या आवरणाबाहेरून जातात हे स्पष्ट झालं. पुढच्याच वर्षी वॉल्श यांनी त्या जाणीवपूर्वक राखून ऑपरेशन केलं. गाठ काढण्याइतकंच आजूबाजूचं वाचवणं महत्त्वाचं ठरलं, आणि त्यासाठी स्वच्छ दिसणं व अचूक हात यांची गरज वाढली.

दरम्यान 1990 मध्ये सेंट लुईसला राल्फ क्लेमन यांनी दुर्बिणीतून किडनी काढली होती. प्रोस्टेटने मात्र दाद दिली नाही. टेक्सासच्या शूस्लर यांच्या गटाने नऊ ऑपरेशनं करून 1997 मध्ये लिहिलं, की उघड्या शस्त्रक्रियेला हा पर्याय नव्हे. पॅरिसच्या मोंसुरी इन्स्टिट्यूटमध्ये गियोनो आणि व्हालान्सियां यांनी दुर्बिणीतून प्रोस्टेट काढण्याची पद्धत बसवली, तरी ती मोजक्यांनाच साधली. ग्रंथी काढल्यावर मूत्राशय आणि मूत्रमार्ग पुन्हा जोडावे लागतात. सरळ, न वाकणाऱ्या हत्यारांनी ते टाके घालणं म्हणजे अरुंद तोंडाच्या रांजणाच्या तळाशी शिवणकाम करणं.

यंत्राने नेमकी ही अडचण सोडवली. त्याच्या हत्याराचं टोक मनगटासारखं वळतं, हाताचा कंप गाळला जातो, त्रिमितीय दृश्य मोठं होऊन दिसतं. मे 2000 मध्ये फ्रँकफर्टला योखेन बिंडर यांनी रोबोटच्या मदतीने प्रोस्टेट काढली. त्याच सुमारास डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयात, पुद्दुचेरीच्या जिपमेरमधून वैद्यकीचं शिक्षण घेतलेले डॉ. मणी मेनन यांनी आधी पॅरिसच्या सर्जनांना बोलावून दुर्बिणीची पद्धत शिकून घेतली, मग ती रोबोटवर आणली आणि इतरांना शिकवता येईल अशी बांधून दिली. 2003 मध्ये त्यांच्या गटाने रोबोटने मूत्राशय काढण्याची पद्धतही मांडली. 2006 मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये रोबोटिक मूत्रशल्यक्रिया सुरू झाली.

या प्रवासाचा हिशेबही मांडला गेला आहे. अमेरिकेत प्रोस्टेटच्या नव्हे, तर मूत्राशयाच्या कॅन्सरच्या रुग्णांवर झालेल्या, 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन वर्षांनी आजार न बळावलेल्यांचं प्रमाण रोबोटिक गटात 72.3 टक्के, उघड्या शस्त्रक्रियेच्या गटात 71.6 टक्के होतं. रोबोटिक गटात रक्त कमी गेलं, वेळ जास्त लागला. कॅन्सरवरचा परिणाम जवळपास सारखाच.

हे यंत्र आपणहून एक टाकाही घालत नाही. त्याच्या मागे बसलेला सर्जनच सगळं करतो. म्हणून रोबोट आहे का, हे विचारण्याआधी डॉक्टरांना विचारा: हे ऑपरेशन तुम्ही आजवर किती केलीत, आणि तुमच्या रुग्णांचा लघवीवरचा ताबा कितपत परत आला? रुग्णाला हे विचारण्याचा पूर्ण हक्क आहे.