सचिनची शेवटची मॅच नुरा होती का?

१६ नोव्हेंबर २०२४, शनिवार, सकाळी दहाचा सुमार. सुट्टीला लोणी देवकरला आलो होतो आणि ओट्यावर बसून मोबाईलवर माइक टायसन आणि जेक पॉलची फाइट बघत होतो. खरं तर बराच वेळ बफरिंगचं चक्रच बघत होतो. टायसन ५८ वर्षांचा, पॉल २७चा. राउंड तीनऐवजी दोन मिनिटांचे, ग्लोव्हज नेहमीपेक्षा जड. आठ राउंडमध्ये टायसनचे लागलेले ठोसे मोजून १८. आप्पा, म्हणजे माझे चुलते, खांद्यावरून डोकावले, जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "नुरा हाय ही."

ज्यांनी जत्रेतला आखाडा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. नुरा कुस्ती म्हणजे दोन्ही पैलवानांनी आधीच ठरवून केलेली. आमच्याकडे पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांपासून सुरुवात होते आणि शेवटची मोठ्या इनामाची असते. ती चालू असताना आप्पांसारखी माणसं डाव कमी आणि पैलवानांचे डोळे जास्त बघतात. दोघं नुसतेच खडाखडी करत राहिले की "निकाली करा!" म्हणून ओरडा सुरू होतो. इनाम वाटून घ्यायचं ठरलंय, हे पंचांच्या आधी लोकांना कळतं.

आप्पांनी हाच शब्द बरोबर अकरा वर्षांपूर्वी सचिन तेंडुलकरच्या निरोपाच्या मॅचला लावला होता. तेव्हा मी अकरावीत होतो आणि दोन दिवस त्यांच्याशी बोललो नव्हतो.

आता तारखा नीट लावून बघतो तेव्हा आप्पांच्या बाजूने बरंच काही दिसतं. सचिनचं शेवटचं कसोटी शतक जानेवारी २०११चं, केपटाउनला, १४६. त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं एकही नाही. २०१२ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध तो लागोपाठ तीन डावांत त्रिफळाचीत झाला. त्याच वर्षी इंग्लंडविरुद्ध घरच्या वानखेडेवर दोन्ही डावांत ८-८, दोन्ही वेळा पनेसर. त्याने थांबावं असं घराघरात बोललं जात होतं, पण हळू आवाजात. मोठ्याने म्हणणाऱ्याला आमच्या वर्गात गद्दार समजायचे.

मग २०१३च्या शेवटी दक्षिण आफ्रिकेचा दौरा होता. तिथे स्टेन, फिलँडर, मॉर्केल. त्याच्या आधी आपल्या बोर्डाने अचानक वेस्ट इंडीजला दोन कसोटींसाठी बोलावलं. सचिनच्या झालेल्या १९८. अधिक दोन. १० ऑक्टोबरला त्याने निवृत्ती जाहीर केली. दोनशेवी कसोटी मुंबईत. आप्पांना एवढं गणित पुरेसं होतं. "जोड कुणी लावली ते बघ," म्हणाले, "म्हंजी निकाल कळतो."

पुढे दक्षिण आफ्रिकेने जाहीर केलेल्या तीन कसोटींच्या दोनच झाल्या. याचं सगळं खापर सचिनवर फोडणं मात्र चूक आहे. बोर्डाचं तिकडच्या हारून लॉरगट यांच्याशी वाकडं होतं. पण आयती संधी साधली गेली, हे नाकारता येत नाही.

शंका घेणं हे प्रेम नसल्याचं लक्षण, असं मला तेव्हा वाटायचं. बॉक्सिंगचा इतिहास वाचल्यावर ते मत बदललं. २ ऑक्टोबर १९८०ला लास वेगासमध्ये मुहम्मद अली लॅरी होम्ससमोर उतरला. वय ३८, दोन वर्षं रिंगबाहेर. होम्स त्याचाच जुना सराव-जोडीदार. अलीने वजन उतरवलं होतं, केस काळे केले होते, तो आरशात तरुण दिसत होता. ज्यांना शंका होती त्यांना गप्प बसवायला तेवढं पुरलं. दहा राउंड तो नुसता मार खात राहिला आणि अखेर त्याचा ट्रेनर अँजेलो डंडीने लढत थांबवली. जिंकलेला होम्स नंतर रडला. तरीही चौदा महिन्यांनी अली पुन्हा उतरला, बहामाजला बर्बिकसमोर, आणि पुन्हा हरला. ती कुस्ती नुरा नव्हती, अगदी निकाली होती. ती नुरा असती तर बरं झालं असतं, असं मला वाटतं.

क्रिकेटमध्ये म्हातारा हिरो मार खात नाही, फक्त लवकर आउट होतो. म्हणून त्याचा निरोप सजवणं सोपं. सुनील गावसकरच्या वाट्याला तेही आलं नाही. मार्च १९८७, बेंगळुरू, पाकिस्तानविरुद्ध हातभर वळणारी खेळपट्टी, त्याचे ९६, आणि भारत १६ धावांनी हरला. ती त्याची शेवटची कसोटी ठरली. ना फुगे, ना भाषण. आप्पा अजून त्या डावाचं सांगतात.

पण आप्पांच्या हिशेबातून एक मॅच निसटली होती. माझ्याही. निवृत्ती जाहीर झाल्यावर, वेस्ट इंडीजच्या आधी, सचिन हरियाणाविरुद्ध रणजी खेळायला लाहलीला गेला. लाहली हे रोहतकजवळचं गाव, आपल्यासारखंच. खेळपट्टी हिरवी, चेंडू सतत हलणारा. पहिल्या डावात मोहित शर्माने त्याला ५ वर उडवला. चौथ्या डावात मुंबईला २४० हव्या होत्या आणि समोर विकेट पडत होत्या. सचिन एका बाजूला उभा राहिला, रात्रभर नाबाद, दुसऱ्या दिवशी पुन्हा. नाबाद ७९, मुंबई चार विकेटने जिंकली. तिथल्या बॉलरना त्याची विकेट म्हणजे जन्मभर सांगायची गोष्ट होती. त्यातलं कुणी इनाम वाटून घ्यायला आलं नव्हतं. निकाली कुस्ती तिथे झाली. वानखेडेवर झाली ती जत्रा.

आणि जत्रेलाही माणसं खरीच येतात. त्याची आई कधी मैदानात येऊन मॅच बघत नसे. ती व्हीलचेअरवर आली. तिला बघता यावी म्हणून शेवटची मॅच मुंबईत ठेवा, असं त्यानेच बोर्डाला सांगितलं होतं. आचरेकर सर होते. वेस्ट इंडीज पहिल्याच दिवशी १८२त गुंडाळले गेले होते. सामना म्हणून त्यात दम नव्हता.

दक्षिण आफ्रिकेत पुढे काय झालं तेही सांगायला हवं. जोहान्सबर्गला सचिनच्या चौथ्या नंबरवर कोहली गेला आणि ११९, ९६ करून आला. डर्बनला जॅक कॅलिसने मॅचच्या आदल्या दिवशी निवृत्ती जाहीर केली आणि आपल्याविरुद्ध ११५ काढून गेला. ३८ वर्षांचा. हे वाचताना मला अजूनही जरा टोचतं.

१५ नोव्हेंबर २०१३ला सकाळी मी आणि आप्पा हायवेलगतच्या हॉटेलात टीव्हीसमोर उभे होतो, एकमेकांशी न बोलता. सचिन ७४ वर होता. देवनारायणचा चेंडू, कट मारायला गेला, स्लिपमध्ये सॅमीने झेल घेतला. हॉटेलातलं भज्यांचं तेल तेवढं वाजत होतं. संध्याकाळपर्यंत आपले ४९५ झाले आणि विंडीजचे दुसऱ्या डावात तीन गेले. घरी जेवताना आप्पांनी दोन दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं.

"तीनशे तेरा करत्याल का रं ते?"

"कशाला?"

"म्हंजी आपल्याला परत बॅटिंग येईल."