जॅक जॉन्सन आणि हेविवेट गादीची वर्णरेषा

जॉन आर्थर ऊर्फ जॅक जॉन्सन (१८७८–१९४६) हा व्यावसायिक मुष्टियुद्धातील हेविवेट, म्हणजे सर्वांत वजनदार गटाचा, पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता. २६ डिसेंबर १९०८ ते ५ एप्रिल १९१५ ही गादी त्याच्याकडे होती. हातमोज्यांच्या युगात त्याच्याआधी कोणाही काळ्या मुष्टियोद्ध्याला या गादीसाठी लढण्याची संधी मिळाली नव्हती आणि त्याच्यानंतर ती पुन्हा मिळायला २२ वर्षे लागली.

काळ्यांवरची ही बंदी, जिला वर्णरेषा म्हणत, कुठल्याही नियमावलीत लिहिलेली नव्हती. १८६७ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या क्वीन्सबेरी नियमांनी हातमोजे, तीन मिनिटांची फेरी, मधली एक मिनिटाची विश्रांती, पडलेल्याला उठायला दहा सेकंद असे सगळे ठरवून दिले; वर्णाचा त्यात उल्लेखही नाही. बंदी चालायची ती विजेत्याच्या शब्दावर. कोणाशी लढायचे हे विजेताच ठरवी. बोस्टनचा जॉन एल. सलिव्हन याने काळ्या माणसाशी आपण लढणार नाही असे १८९२ मध्ये जाहीरच करून टाकले. त्याच्या नकाराचा सर्वांत मोठा बळी पीटर जॅक्सन. कॅरिबियन बेटांवर जन्मलेला आणि ऑस्ट्रेलियात नाव कमावलेला हा मुष्टियोद्धा मे १८९१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जेम्स कॉर्बेटशी ६१ फेऱ्या लढला. निकाल लागलाच नाही. पुढच्या वर्षी सलिव्हनला हरवून गादीवर बसला तो कॉर्बेट. जॅक्सनला त्या गादीसाठी कधीच लढता आले नाही.

हलक्या गटांत मात्र ही रेषा एवढी कडक नव्हती. जॉर्ज डिक्सन, बार्बाडोसचा जो वॉलकॉट आणि बाल्टिमोरचा जो गॅन्स हे तिघेही काळे आणि तिघेही आपापल्या गटाचे जगज्जेते झाले. याचे कारण खेळाबाहेर शोधावे लागते. हेविवेटचा जगज्जेता म्हणजे पृथ्वीवरचा सर्वांत बलवान पुरुष अशी त्या काळची लोकसमजूत होती आणि तो मान गोऱ्यांच्या घरातून बाहेर जाऊ द्यायची अमेरिकेची तयारी नव्हती.

जॉन्सनचा जन्म ३१ मार्च १८७८ रोजी टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन या बेटावरच्या बंदरात झाला. आईवडील दोघेही पूर्वी गुलाम होते. शाळा थोडक्यात आटोपून तो गोदीत कामाला लागला आणि तिथल्याच मारामाऱ्यांत त्याचे हात तयार झाले. काळ्या पोरांना या धंद्यात शिरायचे तर पहिली पायरी असे ‘बॅटल रॉयल’ची. गोऱ्या प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी आठ-दहा पोरांना एकाच वेळी रिंगमध्ये सोडायचे, पुष्कळदा डोळ्यांवर पट्ट्या बांधून, आणि शेवटी जो उभा राहील त्याच्यापुढे नाणी फेकायची. जॉन्सनही याच दारातून आत आला.

सप्टेंबर १९००च्या चक्रीवादळात गॅल्व्हेस्टन उद्ध्वस्त झाले, हजारो माणसे मेली, जॉन्सन कुटुंबाचे घरही गेले. फेब्रुवारी १९०१ मध्ये त्याच गावात जो चॉइन्स्की या मुरलेल्या ज्यू मुष्टियोद्ध्याने त्याला तिसऱ्या फेरीत आडवा केला. टेक्सासमध्ये बक्षिसासाठी लढणे बेकायदा असल्याने दोघांनाही रिंगमधूनच पकडून नेले आणि सुमारे तीन आठवडे एकाच तुरुंगात ठेवले. तुरुंगात दोघे रोज सराव करत. एवढ्या चपळ माणसाने ठोसा खायचे कारणच काय, हा चॉइन्स्कीचा धडा जॉन्सनने आयुष्यभर पाळला. पुढे त्याची जी शैली नावाजली गेली ती बचावाचीच: मागे झुकून अंतर राखायचे, येणारा ठोसा उघड्या पंजाने हवेतच अडवायचा, प्रतिस्पर्ध्याचे दंड धरून त्याला जखडायचे आणि जवळूनच खालून वर अपरकट हाणायचा. त्या काळच्या गोऱ्या वार्ताहरांनी याला आळस आणि भित्रेपणा म्हटले. कॉर्बेट असाच लढे तेव्हा त्याला शास्त्रशुद्ध म्हणत.

काळ्या हेविवेट मुष्टियोद्ध्यांसाठी ‘कृष्णवर्णीयांचे जगज्जेतेपद’ असा वेगळा किताब होता. फेब्रुवारी १९०३ मध्ये लॉस एंजेलिसला डेन्व्हर एड मार्टिनला हरवून जॉन्सनने तो मिळवला. किताबाला मान होता, पैसा नव्हता. सॅम लँगफर्ड, जो जीनेट, सॅम मॅकव्हे ही त्याच ताकदीची माणसे. गोरे नामवंत टाळत, म्हणून ती एकमेकांशीच पुनःपुन्हा लढत राहिली. एप्रिल १९०९ मध्ये पॅरिसला जीनेट आणि मॅकव्हे यांची लढत तब्बल ४९ फेऱ्या चालली आणि पन्नासाव्या फेरीला मॅकव्हे उठू शकला नाही. अशी झुंज कधी मुख्य गादीसाठी झाली असती तर तिची गोष्ट आज घराघरात माहीत असती.

तत्कालीन जगज्जेता जेम्स जेफ्रीज याने जॉन्सनला नकार दिला आणि १९०५ मध्ये अपराजित राहून निवृत्ती घेतली. गादी फिरत फिरत १९०६ मध्ये टॉमी बर्न्सकडे आली. हा कॅनडाचा, जेमतेम पाच फूट सात इंच उंचीचा. त्याचा पाठलाग करत जॉन्सन इंग्लंडला गेला, तिथून ऑस्ट्रेलियाला. बर्न्स लढायला तयार होता, फक्त किंमत हवी होती. सिडनीचा आयोजक ह्यू मॅकिन्टॉश याने ती मोजली: बर्न्सला ३०,००० डॉलर, जॉन्सनला ५,०००. जवळजवळ वीस वर्षे तत्त्व म्हणून मिरवलेली रेषा अशी पैशाने ओलांडली गेली.

२६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनीच्या रशकटर्स बे येथील उघड्या मैदानात लढत झाली. पंच स्वतः मॅकिन्टॉश. जॉन्सनने बर्न्सला सावकाश, बोलत, हसत, टोमणे मारत मारले. चौदाव्या फेरीत पोलिसांनी लढत थांबवली आणि चित्रीकरणही तोडले, गोरा जगज्जेता कोसळताना पडद्यावर दिसू नये म्हणून. रिंगशेजारी बसून वृत्तान्त लिहिणारा कादंबरीकार जॅक लंडन याने जेफ्रीजला निवृत्ती सोडून परत येण्याचे आवाहन केले. ‘गोऱ्यांची आशा’ कोण, याचा शोध तिथून सुरू झाला. ऑक्टोबर १९०९ मध्ये मिडलवेट विजेता स्टॅन्ली केचेल याने बाराव्या फेरीत जॉन्सनला खाली पाडले. जॉन्सन उठला आणि पुढच्या काही क्षणांत केचेल बेशुद्ध पडला होता.

अखेर जेफ्रीज तयार झाला. पाच वर्षे शेतीत घालवून सुटलेले शरीर आटवण्यासाठी त्याने सुमारे ४५ किलो वजन उतरवले. लढत सॅन फ्रान्सिस्कोत ठरली होती. कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरने ऐन वेळी मनाई केल्यावर आयोजक टेक्स रिकार्डने ती नेवाडातील रेनो या छोट्या गावी हलवली. बक्षीस १,०१,००० डॉलर, फेऱ्या ४५, दिवस ४ जुलै १९१०, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. पंच म्हणून रिकार्डच उभा राहिला. रणरणत्या उन्हात नव्या कोऱ्या लाकडी बाकांवर हजारो माणसे बसली होती. जेफ्रीजच्या कोपऱ्यातून कॉर्बेट जॉन्सनला शिव्या हासडत होता आणि जॉन्सन जेफ्रीजला मारता मारता मान वळवून त्याला उत्तरे देत होता. पंधराव्या फेरीत जेफ्रीज कारकिर्दीत प्रथमच खाली पडला, मग पुन्हा पडला. तिसऱ्यांदा पडल्यावर दहा आकडे पुरे होण्याची नामुष्की नको म्हणून त्याची माणसे रिंगमध्ये शिरली. ऐन उमेदीतही आपल्याला या माणसाला हरवता आले नसते, असे जेफ्रीजने नंतर मोकळेपणाने कबूल केले.

त्याच रात्री अमेरिकेतील अनेक शहरांत दंगली झाल्या. विजय साजरा करणाऱ्या काळ्या लोकांवर गोऱ्यांच्या जमावांनी हल्ले केले. मृतांचा आकडा निरनिराळा सांगितला जातो, पण तो साधारण वीसच्या आसपास होता. यानंतर बंदी आली ती चित्रपटावर. प्रथम शहरांनी आणि राज्यांनी रेनोची फिल्म अडवली, मग १९१२ मध्ये संसदेने मुष्टियुद्धाच्या फिल्म एका राज्यातून दुसऱ्यात नेणे गुन्हा ठरवले. हा कायदा १९४० पर्यंत टिकला. अटलांटिकपलीकडेही वेगळे चित्र नव्हते: १९११ मध्ये लंडनला ठरलेली बॉम्बार्डियर बिली वेल्सशी लढत धर्मगुरूंच्या मोहिमेनंतर गृहमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी रोखली.

रिंगमध्ये हरवता येत नसलेल्या माणसाला कोर्टात हरवण्यात आले. जॉन्सन सोन्याचे दात दाखवत हसे, उंची कपडे घाली, मोटारी भरधाव हाकून दंड भरी आणि गोऱ्या स्त्रियांशी उघड संबंध ठेवी. १९११ मध्ये त्याने एटा ड्यूरिया या गोऱ्या स्त्रीशी लग्न केले. संसार सुखाचा नव्हता; त्याची बाहेरची प्रकरणे थांबली नव्हती आणि तो तिला मारहाणही करी. सप्टेंबर १९१२ मध्ये शिकागोत, त्याच्याच ‘कॅफे द चॅम्पियन’च्या वरच्या मजल्यावर एटाने आत्महत्या केली. महिन्याभरात ल्यूसिल कॅमेरॉन या गोऱ्या तरुणीच्या आईने मुलीला पळवल्याची तक्रार केली आणि जॉन्सनला अटक झाली. ल्यूसिलने साक्ष द्यायला नकार दिला आणि डिसेंबरात त्याच्याशीच लग्न केले. जॉर्जियाच्या एका खासदाराने काळ्या-गोऱ्यांच्या विवाहाला मनाई करणारी घटनादुरुस्ती संसदेत मांडली ती याच महिन्यात.

सरकारने मग जॉन्सनची जुनी मैत्रीण बेल श्रायबर हिला साक्षीदार म्हणून उभे केले. १९१०चा मॅन कायदा वेश्याव्यवसायासाठी स्त्रियांना राज्याबाहेर नेणाऱ्या टोळ्यांसाठी होता, पण त्यात ‘अन्य अनैतिक हेतू’ असे मोघम शब्द होते. जॉन्सनने तिला पिट्सबर्गहून शिकागोला येण्यासाठी पैसे पाठवले होते, एवढ्यावर मे १९१३ मध्ये सर्व गोऱ्या ज्यूरीने त्याला दोषी ठरवले. शिक्षा एक वर्ष एक दिवसाची कैद आणि १,००० डॉलर दंड. मिश्रविवाहाच्या अनिष्टाचे ठळक उदाहरण ठरणे हे या माणसाचे दुर्दैव, असे सरकारी वकिलाने निकालानंतर बोलूनही दाखवले. अपील चालू असताना जॉन्सन कॅनडामार्गे फ्रान्सला निसटला.

त्याच्या चरित्रकारांना अडचणीची वाटावी अशी गोष्ट म्हणजे गादीवर बसल्यावर त्यानेही तीच रेषा पाळली. १९०६ मध्ये आपल्याहून कितीतरी हलक्या लँगफर्डला त्याने हरवले होते, पण जगज्जेता झाल्यावर लँगफर्ड, जीनेट किंवा मॅकव्हे यांच्यापैकी एकालाही त्याने संधी दिली नाही. दोन काळ्यांच्या लढतीला गल्ला जमत नाही, हे त्याचे गणित. ते अगदीच खोटे नव्हते, तरी लँगफर्डची धास्ती त्याला असावी असे मानायला जागा आहे. डिसेंबर १९१३ मध्ये पॅरिसला त्याने एका काळ्या आव्हानवीराशी लढत दिली खरी, पण निवडला बॅटलिंग जिम जॉन्सन, या तिघांहून कमी प्रतीचा. ती बरोबरीत सुटली.

महायुद्धाने युरोपातील कमाई थांबली. ५ एप्रिल १९१५ रोजी हवानात, सदतिशीतला आणि स्थूल झालेला जॉन्सन कॅन्ससच्या साडेसहा फुटी जेस विलर्डसमोर उभा राहिला आणि सव्विसाव्या फेरीत कोसळला. पाठीवर पडलेल्या जॉन्सनचे हात डोळ्यांवर आलेले छायाचित्र प्रसिद्ध आहे; आपण मुद्दाम हरलो याचा पुरावा म्हणून तो पुढे तेच दाखवी. पण हरायचेच असलेला माणूस तळपत्या उन्हात सव्वीस फेऱ्या कशाला थांबेल? गोऱ्यांना हवीहवीशी ही फिल्मही १९१२च्या कायद्यात अडकली. १९१६ मध्ये काही उद्योजकांनी कॅनडाच्या हद्दीवर तंबू ठोकून पलीकडून प्रत्येक चित्र प्रकाशात टाकायचे आणि अलीकडच्या कॅमेऱ्याने टिपायचे, अशी युक्ती केली; कोर्टाने तीही चालू दिली नाही.

स्पेन आणि मेक्सिकोत काही वर्षे काढून जॉन्सन जुलै १९२० मध्ये सरहद्दीवर शरण आला आणि जुलै १९२१ पर्यंत लेव्हनवर्थच्या तुरुंगात राहिला. १९२२ मध्ये त्याला एका सुधारित पान्याचे पेटंट मिळाले. दरम्यान नवा जगज्जेता जॅक डेम्प्सी हॅरी विल्स या काळ्या आव्हानवीराशी लढण्याचे करार करत राहिला आणि लढत कधीच झाली नाही. रेनोनंतरचे रक्त कोणी विसरले नव्हते. रेषा पुन्हा ओलांडली गेली २२ जून १९३७ रोजी, शिकागोत जो लुईसने जेम्स ब्रॅडॉकला हरवले तेव्हा. लुईसच्या व्यवस्थापकांनी त्याला घालून दिलेले नियम जॉन्सनचे आयुष्य समोर ठेवूनच केलेले होते: गोऱ्या स्त्रीसोबत छायाचित्र नको, पडलेल्या प्रतिस्पर्ध्यासमोर हसू नको. जॉन्सनला हे लागले असावे. १९३६ मध्ये लुईसचा डावा हात खाली राहतो हे हेरून त्याने जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगवर पैज लावली आणि ती जिंकली.

१० जून १९४६ रोजी नॉर्थ कॅरोलिनात फ्रँकलिंटनजवळ जॉन्सनची भरधाव मोटार खांबावर आदळली. थोड्याच वेळापूर्वी एका खाणावळीत काळ्या गिऱ्हाइकांना मागच्या बाजूला बसवण्यावरून तो चिडून निघाला होता, असे सांगितले जाते. त्याला रालेच्या काळ्या लोकांच्या इस्पितळात नेले. तिथे तो वारला. शिकागोच्या ग्रेसलँड दफनभूमीत एटाशेजारी त्याला पुरले. ज्या मोघम शब्दांवर त्याला शिक्षा झाली ते मॅन कायद्यातून १९८६ मध्ये काढले गेले. खुद्द जॉन्सनला राष्ट्राध्यक्षांची मरणोत्तर माफी मिळाली ती २४ मे २०१८ रोजी.