सहा सेकंदांचा घोट

तीन वर्षांपूर्वीची शनिवारची रात्र. डंजन्स अँड ड्रॅगन्सचा डाव रंगात आला होता. समोर दोन ओगर, बाजूला मित्राचा जखमी ड्वार्फ आणि माझ्या पिशवीत जखमा भरून काढणाऱ्या औषधाची एक कुपी. माझा टर्न आला. कुपी त्याला पाजायची तर अख्खा टर्न त्यातच जाणार. मी मनात हिशेब केला : कुपीतून मिळतात सरासरी ७ पॉइंट, ओगरचा एक फटका नेतो सरासरी १३. पाजण्यात तोटाच. मी तलवार चालवली.

पहिल्या ओगरने ड्वार्फला आडवं केलं. दुसऱ्याने पडलेल्यावरच सोटा हाणला. मग मित्राने जीव वाचवण्याचा फासा टाकला. ४ पडले आणि आठ महिने खेळवलेलं पात्र मेलं. पुढचा टर्न माझा होता. कुपी पिशवीतच.

माझा हिशेब बरोबर होता, तरी मित्राची नजर टाळावी लागत होती. असं का व्हावं, हे शोधत मी या खेळाच्या जुन्या नियमांत शिरलो.

हा खेळ पटापेक्षा बोलण्यात जास्त चालतो. एक जण सूत्रधार, बाकीचे एकेका पात्राचे धनी, आणि नशीब फाशांच्या हाती. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातून १९७४ साली तो बाजारात आला. कर्ते दोघे : गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन. त्याची मुळं युद्धखेळांत होती. १९७१च्या 'चेनमेल'मध्ये टेबलावर इवल्या शिपायांच्या फौजा भिडत आणि एक टर्न म्हणजे लढाईतलं साधारण एक मिनिट.

ते मिनिट नव्या खेळातही टिकलं. १९७९च्या सूत्रधारासाठीच्या जाडजूड पुस्तकात लढाईची एक फेरी एका मिनिटाची आहे आणि तिचे सहा-सहा सेकंदांचे दहा तुकडे. औषध पोटात गेल्यावर २ ते ५ तुकड्यांनी, म्हणजे १२ ते ३० सेकंदांनी लागू पडायचं. खरी भीती वेगळीच होती. एका औषधाचा असर उतरायच्या आत दुसरं प्यायलात, तर शंभरातला एक आकडा फाशांनी काढायचा. ०१ आला तर पोटात स्फोट. ०० आला तर दोन्हींपैकी एका औषधाचा गुण कायमचा अंगी. तेव्हा जोखीम पोटात होती.

२००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने ती घड्याळात नेली. मिनिटाची फेरी सहा सेकंदांची झाली. जुन्या फेरीचा दहावा तुकडा आता अख्खी फेरी. तेवढ्यात एकच मुख्य काम जमणार : वार करा, नाहीतर प्या. शिवाय प्यायला लागलात की शेजारच्या शत्रूला एक फुकटचा वार. २००८च्या चौथ्या आवृत्तीने पिणं किरकोळ कामांत ढकललं. २०१४च्या पाचवीने ते पुन्हा मुख्य कामांत आणलं.

पाचवीत आणखी एक नियम होता. पॉइंट शून्यावर आले की पात्र बेशुद्ध पडतं, पण त्यानंतर एक पॉइंट मिळाला तरी उठून उभं राहतं. दोन्ही नियम आपापल्या जागी ठीक. एकत्र आले की गणित असं सुटतं : जखमी मित्राला औषध देणं उधळपट्टी, पडलेल्याला देणं किफायत. म्हणजे आधी त्याला पडू द्या. असं कुणी लिहिलं नव्हतं. मी सॉफ्टवेअर लिहितो. प्रत्येक ओळ बरोबर असूनही प्रोग्रॅम भलतंच करतो, हे आमच्या रोजच्या ओळखीचं.

शिवाय टेबलावर दुसरं घड्याळही चालू असतं. खेळातल्या सहा सेकंदांची फेरी पाच जणांत फिरायला आमच्याकडे सहज वीस मिनिटं लागतात. "मी औषध पितो" एवढं म्हणायचं आणि पुन्हा वीस मिनिटं इतरांचे फासे बघत बसायचं. आठवडाभर ऑफिसात राबून आलेल्या माणसाला हे महाग पडतं.

मग लोकांनी तेच केलं जे आपण गल्लीत 'एक टप्पा आउट' ठरवताना करतो. घरचा नियम काढला : स्वतः प्यायचं असेल तर ते बोनस अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे टर्नमधल्या जास्तीच्या छोट्या कामात बसवा, दुसऱ्याला पाजायचं तर मात्र मुख्य काम खर्च करा. 'क्रिटिकल रोल' या २०१५पासून इंटरनेटवर चालणाऱ्या कार्यक्रमात हा नियम असंख्य प्रेक्षकांनी पाहिला. २०२३च्या 'बाल्डर्स गेट ३' या व्हिडिओ गेममध्येही पिणं बोनस अ‍ॅक्शनच आहे. तिथे तर कुपी मित्राच्या पायाशी फोडली तरी त्याच्या जखमा भरतात. अखेर २०२४च्या नव्या नियमपुस्तकाने मान्य केलं : स्वतः प्या किंवा शेजारच्याला पाजा, दोन्ही बोनस अ‍ॅक्शन. पहिल्या पेटीनंतर पन्नास वर्षांनी टेबलावरचा नियम पुस्तकात आला, तोही एक पाऊल पुढे जाऊन.

या नियमाने ड्वार्फ वाचला असता का? खात्री नाही. ७ मिळून १३ जाणं हा अजूनही तोटाच. पण मी वारही केला असता आणि कुपीही पाजली असती. माझा टर्न की त्याचा जीव, असा हिशेब मांडायची वेळच आली नसती.

मित्राने पुढच्याच शनिवारी नवं पात्र आणलं. पहिली खरेदी केली कुपीची, ५० सोन्याची नाणी मोजून. सूत्रधाराने विचारलं, कुणाच्या पिशवीत ठेवू? माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "माझ्याच."